उठायला लागलेला वेळ

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावातल्या आमच्या पहिल्या घराचा जिना लाकडी आणि उभा होता, इथल्या घरांचे असतात तसाच, आणि त्याला तेरा पायऱ्या होत्या. स्वयंपाकघर जिन्याला लागूनच. त्यामुळे कोण चढतंय आणि कोण उतरतंय, हे मला पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता कळायचं. मंदार, माझा नवरा, एका तालात सावकाश चढायचा. निखिल, माझा दीर, दोन-दोन पायऱ्या एकदम घ्यायचा. शेवटी एक उरायची, तिच्यावर मुद्दाम पाय आपटायचा. म्हणजे एकूण सात आवाज. त्या वर्षीच्या वसंतात मी हे आवाज मोजायला लागले. मंगळवारी आणि गुरुवारी तो सरावाहून आला, की सात आवाज येतात की तेरा, एवढंच मला ऐकायचं असे. सात आले तर ठीक. तेरा आले, आणि त्यातही एक जड एक हलका असे आले, की लाटणं माझ्या हातात तसंच थांबायचं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आज याच गावात आमचं स्वतःचं घर आहे, दोन मुलं आहेत, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे मला झोपेतही सांगता येतं. माणूस मोठं कधी होतं, असं कोणी विचारलं तर मात्र मी लग्नाचं किंवा पहिल्या बाळंतपणाचं वर्ष सांगणार नाही. हे एक वर्ष सांगेन. मंदार इथे इंजिनिअर म्हणून आला होता आणि मी त्याच्या परवान्यावर, त्याची बायको म्हणून. पुण्यात स्टॅटिस्टिक्स शिकले होते, पण डच येत नव्हतं आणि नोकरी नव्हती. निखिल आइंडहोव्हनला मास्टर्स करायला आला तेव्हा सासूबाई चिंचवडहून म्हणाल्या होत्या, "दोघं भाऊ एका मुलखात आणि राहणार वेगळे? लोक काय म्हणतील?" मग मला म्हणाल्या, "तुझ्यावर सोपवते गं." मी हो म्हटलं. हे वाक्य पुढे माझ्या छातीवर किती बसणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

निखिल चिंचवडला लाल मातीत कबड्डी खेळलेला. बुटका, रुंद, आणि समोरच्याच्या हातातून कसा निसटेल सांगता यायचं नाही. त्याच्या वर्गातल्या थाइस नावाच्या एका डच मुलानं त्याला अमेरिकन फुटबॉलच्या क्लबात नेलं आणि पहिल्याच आठवड्यात त्याला चेंडू घेऊन पळणारा, म्हणजे रनिंग बॅक, करून टाकलं. थाइस स्वतः क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डाव ज्याच्या हातून सुरू होतो तो. उंच, सडपातळ, बोलताना मान तिरकी करायचा. तो आमच्याकडे जेवायला यायचा. निखिल मला हाक मारतो ते ऐकून 'वहिनी' हेच माझं नाव आहे असं त्याला बरेच दिवस वाटत होतं, आणि कळल्यावरही त्यानं ते बदललं नाही. इथे चक्का मिळत नाही म्हणून मी क्वार्कचं श्रीखंड करायची, तो वाटी चमच्यानं खरवडून रिकामी करायचा आणि म्हणायचा, "वहिनी, हे तुम्ही लोक लग्नात खाता, आणि आम्ही तोच क्वार्क सकाळी फळांबरोबर खातो. आमचं चुकलंच."

सासूबाईंना या खेळाचं काही सांगितलेलं नव्हतं. दर रविवारी संध्याकाळी स्काइप असायचं, आणि सामनेही रविवारीच. मग निखिल लॅपटॉपसमोर अशा बाजूनं बसायचा की ज्या गालावर वळ नाही तो दिसेल.

"काय रे, डोळ्याखाली काळं कशानं?"

"सायकलवरून पडलो, आई."

"मागच्या महिन्यात पण पडलास. तू सायकल चालवतोस का सायकल तुला चालवते?"

मंदार हसायचा. मी खालमानेनं चहाचा कप पुसत बसायची. घरात बर्फाची पिशवी नव्हती, म्हणून फ्रीजरमधल्या मटारच्या थैल्या निखिलच्या खांद्यावर, गुडघ्यावर बांधायची. एकदा वितळलेले मटार परत गोठवायला मन घेत नसे, त्यामुळे सोमवारी मटार उसळ किंवा मटार भात ठरलेला. एका सोमवारी मी चार थैल्यांची उसळ केली. मंदार म्हणाला, "आज पाहुणे आहेत का?"

खेळ मला थाइसनं आणि निखिलनं जेवणाच्या टेबलावर समजावला. दहा यार्ड पुढे जायला चार संधी. चेंडू दोन तऱ्हांनी पुढे न्यायचा: एक तर थाइस तो निखिलच्या पोटात कोंबणार आणि निखिल गर्दीत घुसणार, किंवा थाइस मागे सरकून लांब कोणाला तरी फेकणार. थाइसनं मीठदाणी, लोणच्याची बरणी आणि सहा चमचे मांडले. "सारखं पळालो, तर समोरचे सगळे पुढे येऊन भिंत करतात. मग मी त्यांच्या डोक्यावरून फेकतो. सारखं फेकलं, तर..." त्यानं चमचे बरणीभोवती गोळा केले. बरणी म्हणजे तो स्वतः. निखिलनं बरणी उचलून लोणचं वाढून घेतलं आणि म्हणाला, "तर थाइसचं लोणचं होतं." सगळे हसलो. मीही हसले. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

घरी बसून पायऱ्या मोजण्यापेक्षा मैदानावर जाऊन बघणं बरं, म्हणून मी सामन्यांना जायला लागले. पण नुसतं बघणं त्याहून कठीण होतं. प्रत्येक वेळी निखिल गर्दीत घुसला, की दहा-बारा माणसांखाली दिसेनासा व्हायचा, आणि तो परत दिसेपर्यंत मला श्वास घेता यायचा नाही. हाताला काम हवं म्हणून मी वहीत रकाने आखले. कितवी संधी, पळाले की फेकलं, किती यार्ड मिळाले. रूड नावाचे कोच होते, पन्नाशीचे, शाळेत व्यायाम शिकवणारे. त्यांनी तिसऱ्या सामन्यात माझ्या खांद्यावरून वहीत डोकावून पाहिलं आणि मला फळीवरून उठवून सरळ आपल्या बाजूला उभं केलं. तेव्हापासून क्लबचा तक्ता मी ठेवायला लागले. मध्यंतरात रूड माझा कागद बघायचे आणि दुसऱ्या अर्ध्यात पळायचं किती, फेकायचं किती हे त्यावरून ठरवायचे. इथे आल्यापासून पहिल्यांदा कोणालातरी माझ्या शिक्षणाची गरज पडली होती. मला त्याचा अभिमान होता, तो मी लपवत नाही.

माझ्या स्वतःच्या वहीत मात्र एक जादा रकाना होता, जो रूडना दिलेल्या कागदावर नसायचा. त्यावर मी लिहिलं होतं, 'उठायला लागलेला वेळ'. निखिल खाली पडल्यापासून दोन पायांवर उभा राहीपर्यंतचे सेकंद. बहुतेक दोन, तीन. कधी चार. दोन आकडे मावतील एवढाच तो रकाना आखला होता.

मेच्या सुरुवातीच्या एका सामन्यात निखिल बावीस वेळा चेंडू घेऊन पळाला. शेवटच्या वेळेस तो पडला आणि मी मोजायला लागले, आणि अकरापर्यंत गेले. उठला, हात वर करून ठीक आहे म्हणून दाखवलं, आणि चुकीच्या बाजूला चालायला लागला. थाइसनं त्याला दंडाला धरून वळवलं. सगळ्यांना वाटलं गंमत करतोय.

आम्ही सायकलनं घरी आलो. जिन्यावर तेरा आवाज आले. जेवताना म्हणाला, "वहिनी, मीठ कुठंय?" मीठदाणी त्याच्या ताटासमोर होती. मी ती त्याच्या हातात दिली. त्यानं मीठ घातलं, खाली ठेवली, आणि दोन घासांनंतर परत म्हणाला, "वहिनी, मीठ कुठंय?" दुसऱ्या दिवशी त्यानं खोलीचे पडदे उघडले नाहीत. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, "डॉक्टर खेळणं बंद करणार. चारच सामने उरलेत. तुला आईची शपथ, कोणाला सांगितलंस तर." मंदार कामासाठी तीन आठवडे तैवानला होता. फोनवर म्हणाला, "निखिल कसाय?" मी म्हटलं, "मजेत." शपथेचं मी मानत नाही, आजही मानत नाही. मग का सांगितलं नाही? मला वाटतं, जे मी बोलेन ते खरं होईल अशी भीती होती. सासूबाईंनी माझ्यावर सोपवलेलं माणूस माझ्याच घरात बिघडलं, हे वाक्य तोंडातून काढायचं नव्हतं. म्हणून मी तोंडाऐवजी तक्त्याचा उपयोग केला.

रूडना पुढच्या सामन्याआधी मागच्या सामन्याचा हिशेब हवा होता. बावीस धावा, एकशे सात यार्ड. त्यात एक धाव एक्केचाळीस यार्डांची होती, निखिल सगळ्यांना चुकवून गेला होता ती. ती मी 'अपवादात्मक' म्हणून बाजूला काढली. उरल्या एकवीस धावा, सहासष्ट यार्ड. सरासरी तीनच्या थोडी वर. फेकी अठरा होत्या, नव्व्याण्णव यार्ड, सरासरी साडेपाच. त्यातही एक अडतीस यार्डांची होती. ती मी ठेवली. दोन्हीकडचे अपवाद काढले असते किंवा दोन्हीकडचे ठेवले असते, तर दोन्ही पारडी जवळजवळ सारखी राहिली असती. मी एकीकडचा काढला आणि एकीकडचा ठेवला. एकही आकडा खोटा लिहिला नाही. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात 'एक धाव वगळली' असंही लिहिलं. एखाद्या गोष्टीची तळटीप दिली म्हणजे ती प्रामाणिक होते, असं मला त्या वयात वाटायचं. रूडनी कागद पाहिला, भुवया उंचावल्या, म्हणाले, "म्हणजे आपण पळून वेळ वाया घालवतोय." मी म्हटलं, "आकड्यांवरून तसं दिसतं." त्या रात्री मला पंधरा दिवसांत पहिल्यांदा झोप लागली.

तो सामना घरच्या मैदानावर होता. वारा खूप, पॉपलरच्या झाडांची पांढरी म्हातारी सगळीकडे उडत होती. मध्यंतरापर्यंत आमचे सव्वीस डाव झाले. बावीस वेळा फेकलं, फक्त चार वेळा निखिल पळाला. माझ्या जादा रकान्यात चारच आकडे, दोन, दोन, तीन, दोन. मला इतकं हलकं वाटलं की मी मागे फळीवर जाऊन बसले आणि शेजारच्या बाईंकडची कॉफी घेतली. मग दुसरा अर्धा सुरू झाला, आणि मला ते दिसायला लागलं.

समोरच्या संघात चोपन्न नंबरचा एक माणूस होता. पहिल्या अर्ध्यात तो प्रत्येक डावाआधी निखिलकडे बघायचा, गुडघे वाकवून, आता हा पळणार का म्हणून. आता तो निखिलकडे बघेनासा झाला होता. हळूहळू पुढे सरकत होता, आणि त्याच्याबरोबर त्याच्या शेजारचे दोघं. कोणालाच धावेची भीती उरली नव्हती. सगळे चमचे बरणीभोवती येत होते. धाव ही नुसती यार्डांसाठी नसते, ती समोरच्यांना जागेवर बांधून ठेवते, आणि या बांधून ठेवण्याला माझ्या सरासरीत रकानाच नव्हता. आणखी एक गोष्ट मी कधी लिहिलीच नव्हती. थाइस फेकतो तेव्हा निखिल मोकळा नसतो. थाइसच्या शेजारी उभं राहून, अंगावर येणाऱ्यांना आपल्या छातीनं अडवणं हे त्याचं काम. म्हणजे चेंडू नसतानाही त्याला धडका बसतच होत्या, आणि मी फक्त चेंडू असतानाच्या मोजत होते.

मी उठले. रूड माझ्यापासून दहा पावलांवर होते. मला आठवतं, मी वही छातीशी धरली होती आणि 'रूड' एवढंच म्हणायचं होतं. मैदानावर कोच डाव सांगत असताना मध्ये बोलायचं नसतं, असा नियम मला सांगितलेला होता. मी तो पाळला.

चोपन्न नंबर डावीकडून आला. थाइसचा उजवा हात फेकण्यासाठी मागे गेलेला, पाठ त्याच्याकडे. गादी झटकावी तसा आवाज आला. चेंडू गवतावर घरंगळत गेला आणि कोणी त्याच्यामागे धावलं नाही. थाइस पालथा पडला होता, एक हात अंगाखाली. मी सवयीनं मोजायला लागले. एक, दोन, तीन. निखिल त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला. पंधरा, सोळा. शिट्टी वाजली. कोणीतरी ओरडलं, हलवू नका. चाळीस. निखिलनं हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे, नेमकं माझ्याकडे बघितलं. सत्तरपर्यंत मी गेले. मग मोजणं थांबवलं.

मानेच्या मणक्याला तडा आणि खांद्याचं हाड मोडलेलं, असं दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या संध्याकाळी त्याला उजव्या हाताची बोटं जाणवत नव्हती. पायांचं काय, हे कोणी सांगत नव्हतं.

निखिलनं दोन दिवस काही खाल्लं नाही. जिन्यावर बसून राहायचा, चौथ्या-पाचव्या पायरीवर. "माझा माणूस होता तो," म्हणायचा. "चोपन्न माझा होता. मला दिसला गं वहिनी. पण पाय हलायलाच वेळ लागला." हे तो परत परत सांगत होता, आणि मला कळत होतं की पाय हलायला वेळ का लागला. मीठदाणी मी पाहिली होती. सगळा दोष त्यानं एकट्यानं स्वतःकडे घेतला होता, आणि मी गप्प राहिले असते तर तो आयुष्यभर त्याच्याकडेच राहिला असता. त्याच्या खालच्या पायरीवर बसून मी त्याला कागद दाखवले, रूडना दिलेला आणि माझ्या वहीतला.

त्यानं बराच वेळ वाचलं. उजेडाचा त्रास होत होता म्हणून कागद डोळ्यांशी धरून. मग म्हणाला, "म्हणजे माझं डोकं ठीक नाही हे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू काय केलंस, सरासरी बदललीस?"

"हो."

"एक थोबाडीत मारून घरी बसवायचं होतंस ना, वहिनी." आवाज चढला नव्हता. "शिव्या दिल्या असत्या मी. चार दिवस बोललो नसतो. एवढंच ना?"

त्याच दुपारी तो माझ्याबरोबर डॉक्टरकडे आला. त्या मोसमात तो परत खेळला नाही. रूडकडे मी एकटी गेले. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तळटीप वाचली, आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे मी वाचलं होतं. कुठली धाव, हे विचारलं नाही." मग म्हणाले, "क्लबाला मी तुझं सांगणार आहे. आणि हेही सांगणार आहे की मी कागद बघत होतो, मैदान बघत नव्हतो." इथली माणसं असं सरळ बोलतात. तेव्हा ते मला मारल्यासारखं लागलं. आता मी कामावर नवीन मुलांना तसंच सांगते.

रविवारी स्काइपवर निखिलनं सासूबाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझा भाग सोडून. तो भाग मी सांगितला. मागे त्यांच्या घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "सायकल नव्हती तर." निखिल म्हणाला, "नव्हती, आई." त्यांनी मान वळवली, मी कॅमेऱ्यात कुठे आहे ते शोधल्यासारखी, आणि मला म्हणाल्या, "तू होतीस ना गं तिथं?" त्या आणखी काही म्हणाल्या नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. अजून कधी मुलांना ताप असला, उशीर झाला, फोन लागला नाही, की मला पहिलं हेच वाक्य ऐकू येतं.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे सामन्यानंतर सहाव्या दिवशी, मी श्रीखंडाचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेले. गळ्याभोवती कडक पट्टा असल्यामुळे थाइसला मान तिरकी करता येत नव्हती. त्याच्याशी समोर उभं राहूनच बोलावं लागत होतं, नजर टाळायला जागा नव्हती. मी सगळं सांगितलं. पाठ करून गेले होते, तरी इंग्रजी अडखळत होतं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"वही आणलीस?" तो म्हणाला.

मी उघडून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. तो जादा रकाना त्यानं कधी पाहिला नव्हता. मी अर्थ सांगितला. तो वरून खाली वाचत गेला. "निखिलचा सगळ्यात मोठा अकरा," म्हणाला. मग शेवटच्या ओळीवर आला. त्या ओळीत सगळं भरलेलं होतं, तिसरी संधी, आठ यार्ड हवे, फेक, शून्य. शेवटचा रकाना तेवढा कोरा.

"हे रिकामं का?"

"मी मोजणं थांबवलं."

"मी काल उठलो," तो म्हणाला. "दोघी नर्सनी धरलं होतं, पण उभा राहिलो. मिनिटभर." आणि कोऱ्या रकान्याकडे बघून म्हणाला, "लिही ना. तक्ता अर्धवट ठेवत नाहीस तू."

मी पर्समधून पेन्सिल काढली. पाच दिवस. चार लाख बत्तीस हजार सेकंद. थोडे इकडे तिकडे. पहिला आकडा दोनदा गिरवला. रकाना दोन आकड्यांचा होता. बाकीचे आकडे रेघ ओलांडून समासात गेले आणि तिथून पानाच्या कडेपर्यंत. त्यानं ते पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. उजवा हात अजून उचलत नव्हता. मी झाकण काढलं आणि त्याला भरवायला लागले.